पुलाजवळ बसून राहिलेली मुलगी

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या साली सापडला, कोणता पंचनामा कुठल्या गावात केला, हे सांगायला मला जुने कागद लागतात. वनगंगेच्या बागेतल्या त्या मुलीसाठी मात्र काहीच लागत नाही. डोळे मिटले की ती पुलाच्या तोंडाशी बसलेली दिसते, एक पाय चपलेत आणि एक पाय उघडा.

मी तेव्हा दादऱ्याच्या चौकीचा प्रमुख होतो, हुद्दा फौजदाराचा. घर खानवेलचे, शिक्षण सिल्वासाच्या मराठी शाळेत, त्यामुळे हा मुलूख मला पायाखालचा. पण बाहेरच्या वाचकाला दादऱ्याची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. दादरा सिल्वासाच्याच कारभारात येतो, मात्र चारही बाजूंनी गुजरातने वेढलेला आहे. सिल्वासाहून दादऱ्याला यायचे तर मध्ये थोडे गुजरातमधून जावे लागते. दादऱ्याहून वापीच्या दिशेला निघालात तर थोड्याच वेळात पुन्हा गुजरात. रस्ता तोच, डांबर तेच. पाटी बदलली की पोलीस ठाणे बदलते, दप्तर बदलते, वायरलेसवरची भाषा बदलते. आमच्याकडे दारूला परवानगी, पलीकडे बंदी. म्हणून रविवारी आमची निम्मी माणसे हद्दीवर आणि निम्मी बागेत.

बागही तशीच, गर्दी खेचणारी. मोठे तळे, तळ्यात बेट, बेटावर जायला कमानीसारखे वर चढून खाली उतरणारे पूल. तळ्याचे पाणी हिवाळ्यात इतके स्थिर असते की पूल वर कुठला आणि पाण्यातला कुठला, हे क्षणभर कळत नाही. एके काळी इथे सिनेमाची गाणी चित्रित व्हायची. गावातली म्हातारी माणसे अजून सांगतात, अमक्या झाडामागे मोठा पंखा लावला होता, तमक्या पायरीवर हिरॉईनचा पाय मुरगळला होता. त्या पुलावर उभे राहून फोटो काढल्याशिवाय सिल्वासाच्या कारखान्यांत काम करणारा एकही नवा नवरा बायकोला घेऊन परत जात नाही.

तो रविवार हिवाळ्यातला. सकाळपासून उन्हाला हळदीसारखा रंग होता. दुपारी साडेचारच्या सुमारास मी बागेत फेरी मारत होतो. तेवढ्यात बागेत खुरपणीचे काम करणारी एक मावशी माझ्याकडे आली. वयस्क बाई, वारली, बोलण्यात अर्धी गुजराती. आमच्यासाठी ती खबऱ्याहून जास्त होती. बागेत कोण रोज येते, कोण कुणाशी भांडते, कुणाचे मूल चुकले, हे आधी तिला कळायचे.

"साहेब, ती पुलाजवळची पोरगी बपोरपासून तिथंच बसून हाय," ती म्हणाली. "उठत नाय, खात नाय. मी पानी दिलं ते पिली. बोलते, नवरा येतो. मला काय बरोबर वाटत नाय."

बपोर म्हणजे दुपार. मी जाऊन पाहिले. वीसेक वर्षांची मुलगी, अंगावर नवी मोरपंखी साडी, हातात हिरवा चुडा. पुलाच्या पहिल्या पायरीला टेकून बसली होती आणि पाण्याकडे बघत होती. मी गणवेशात होतो. माणसे गणवेश पाहिला की सावरून बसतात. ही तशीच राहिली.

"ताई, कुणाची वाट बघताय?"

तिने माझ्याकडे पाहिले. "तेस्नी सांगं, आठेच बस, मी येस."

खानदेशातली अहिराणी. आमच्या औद्योगिक वसाहतीत निम्मी पोरे धुळे-नंदुरबारकडची, त्यामुळे ही बोली माझ्या कानाला ओळखीची. त्यांनी सांगितले, इथेच बस, मी येतो. 'ते' म्हणजे नवरा. नाव विचारले तर तिने मान खाली घातली. मग बोटाने मातीत लिहून दाखवले. अक्षर सुरेख, दहावीपर्यंत शिकलेली होती.

हळूहळू हकीगत कळली. लग्न उन्हाळ्यात झाले. नवरा लग्नानंतर आठ दिवसांनी सिल्वासाला कामावर परतला आणि ती सासरी राहिली. सहा-सात महिने बोलणे फक्त फोनवर, तेही सासूच्या फोनवरून. तो काय बोलायचा, असे मी विचारले. ती म्हणाली, ही बाग सांगायचे. तळे सांगायचे, बेट सांगायचे, पूल कसा चढतो नि उतरतो ते सांगायचे. सगळे तिला पाठ झाले होते. शनिवारी संध्याकाळी ती बसने सिल्वासाला आली, तो तिला न्यायला स्टँडवर आला होता. अंधारात कुठल्याशा चाळीतल्या खोलीवर ती पोहोचली आणि सकाळी दोघे रिक्षाने थेट इथे आले. पुलापाशी फोटो काढले. बेटावर जाणार, तोच तिच्या चपलेचा अंगठा तुटला.

"मग?" मी विचारले.

"ते म्हनले, अनवानी कशी फिरशील. शिवून आणतो. चप्पल घेऊन गेले."

"किती वाजले होते?"

तिने आकाशाकडे बोट केले. सूर्य डोक्यावर होता तेव्हा.

म्हणजे साडेचार तास. मी माझ्या शिपायाला फाटकाबाहेरच्या गाड्यांवर चौकशीला पाठवले. नारळपाणीवाल्याने पाहिले होते. हातात बायकी चप्पल घेतलेला एक जवान पोरगा त्याला मोची कुठे बसतो म्हणून विचारत होता. रविवारी इथला मोची नसतो, पुढे फाट्यावर एक बसतो, असे त्याने सांगितले. पोरगा वापीच्या बाजूला चालत गेला.

वापीच्या बाजूला म्हणजे रेल्वे स्टेशनच्या बाजूला. माझ्या डोक्यात तेवढ्यात सगळे जुळले. अशी प्रकरणे मी पाहिली होती. गावी आईबापांच्या मर्जीने लग्न करायचे, इथे दुसरीच कुणी असते, मग गर्दीच्या जागी बायकोला बसवायचे आणि गाडी पकडायची. मी शिपायाला बाजूला घेऊन म्हणालो, "सोडून गेलाय. नोंद घ्यायची तयारी कर."

मावशी खुरपे हातात घेऊन जवळच उभी होती. तिने ऐकले. म्हणाली, "भागनारा मानूस बायकोची चंपल हातात घेऊन भागेल का, साहेब?"

मी नुसता हसलो. ते हसणे मला अजून बोचते.

बाग बंद व्हायची वेळ झाली. तळ्यावर हलके धुके उतरू लागले, बेटावरची झाडे पाण्यावर तरंगत असल्यासारखी दिसू लागली. शिट्ट्या वाजल्या, माणसे निघाली. ती उठेना. "ते आले नि मी नसले तर?" एवढेच तिचे म्हणणे. शेवटी आमच्या महिला हवालदार बाईंनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला तिच्यासमोर बजावले, असा असा माणूस आला तर लगेच चौकीवर पाठव. पहारेकऱ्याने ते तिच्यासमोर मोठ्याने म्हणून दाखवले. मग ती उठली. राहिलेली एक चप्पल काढून हातात घेतली आणि अनवाणी चालत आमच्या गाडीपर्यंत आली.

चौकीत आम्ही रीतसर सगळे केले. सासूचा फोन लागला नाही, म्हणून तिच्या माहेरच्या पोलीस पाटलाला गाठून बापाला फोनवर बोलावले. बापाने जावयाचा नंबर दिला, तो बंद होता. जावई सिल्वासात कंपनीत आहे एवढे त्याला ठाऊक होते, कोणती कंपनी ते नाही. "साहेब, आमच्या पोरीला फसवलं का हो त्यानं?" असे त्याने विचारले तेव्हा मी 'बघतो' म्हणालो, पण माझ्या आवाजातून त्याला उत्तर कळले असणार. सिल्वासाच्या दवाखान्यात आणि हद्दीपलीकडच्या ठाण्यात त्या नावाचा कुणी आला आहे का, हे विचारून झाले. त्या नावाचा कुणी नव्हता. बंद फोनचे लोकेशन मागवले, ते दुसऱ्या दिवशी मिळणार होते. स्टेशन डायरीत मी स्वतःच्या हाताने लिहिले, 'पतीने सोडून दिल्याचा संशय'.

हवालदार बाई तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांची मुलगी त्याच वयाची होती.

सोमवारी सकाळी मी चौकीवर आलो तर दोघी आधीच हजर. मुलीला पुन्हा बागेत जायचे होते. आदल्या दिवसापेक्षा ती शांत होती. हवालदार बाईंनी दिलेली चप्पल तिच्या पायात होती, थोडी मोठी. मी म्हणालो, "आधी मला तुमची खोली शोधू द्या. तिथे काही कळेल. काय आठवतं?"

निळे दार, खाली नळ, असे दिसले होते ते तिने सांगितले. निळी दारे आणि खाली नळ असलेल्या चाळी आमच्याकडे गल्लोगल्ली. मग तिने जरा थांबून सांगितले, "रातभर वास येत होता. गोड. केवडा वाटून ठेवल्यासारखा. माले वाटनं सपनात शे."

औद्योगिक भागात इतकी वर्षे फिरल्यावर एक गोष्ट कळते. प्रत्येक वस्तीला आपला वास असतो. एका ठिकाणी वितळलेल्या प्लास्टिकचा, दुसऱ्या ठिकाणी ओल्या सुताचा, तिसरीकडे नुसता गरम तेलाचा. तिथे राहणाऱ्यांना तो येईनासा होतो, नव्या माणसाला पहिल्या रात्री झोपू देत नाही. केवड्यासारखा वास सिल्वासाच्या बाजूला एकाच ठिकाणी यायचा. तिथे साबणाचा एक छोटा कारखाना होता आणि मागे चार चाळी.

हवालदार बाई तिला घेऊन बागेत गेल्या, मी दोन शिपाई घेऊन चाळीत. तिसऱ्या चाळीत, वरच्या मजल्यावर, निळे दार. आत एक तरुण पिशवीत कपडे भरत होता. आम्हाला पाहून त्याचे हात तिथेच थांबले.

तो नवऱ्याचा सख्खा चुलतभाऊ निघाला. दोघे एकाच खोलीत राहायचे. बायको आली म्हणून दोन दिवस तो शेजारच्या खोलीत झोपत होता. "कुठे निघालास?" असे विचारले तर म्हणाला गावी. "का?" तर म्हणाला असेच. चेहरा पांढराफटक.

त्याला चौकीवर आणले. जबाब घेताना आरडाओरडा करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्याने माणूस बोलतो खरा, पण आपल्याला जे ऐकायचे असते तेच बोलतो. मी समोर बसवतो, चहा देतो आणि गप्प राहतो. दोषी असो की घाबरलेला असो, शांतता कुणालाच फार वेळ सोसत नाही.

"भाऊ कुठे आहे?"

"माहीत नाही साहेब. सकाळी वहिनीला घेऊन गेला तो गेलाच."

"रात्री परत आला नाही, वहिनीही आली नाही. तू चौकशी केलीस?"

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

"भाऊ कुठल्या कंपनीत आहे?"

त्याने नाव सांगितले. मी त्याच्यासमोरच कंपनीच्या गेटवर फोन लावला. त्या नावाचा माणूस हजेरीत नाही, कधीच नव्हता. मी फोन ठेवला तेव्हा माझा संशय पक्का झाला होता. नोकरी खोटी, म्हणजे सगळेच खोटे. पण मी त्या पोराकडे पाहिले आणि मला काहीतरी खटकले. भावाचे खोटे उघडे पडल्यावर त्याने चकित व्हायला हवे होते. तो चकित झाला नव्हता. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता, मार पडायच्या आधी माणूस बघतो तसा.

"आणि तू? तू कुठे कामाला?"

"मी... मी बसून आहे साहेब. कमरेला लागलंय. तीन महिने झाले."

मी पुन्हा फोन उचलला. त्याच गेटवर, या वेळी याचे नाव विचारले. पलीकडचा माणूस रजिस्टर चाळून म्हणाला, हो, आहे की. ठेकेदाराकडचा आहे. शनिवारी पहिल्या पाळीला हजर होता. आज आला नाही.

फोन स्पीकरवर होता. पोराने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"तीन महिने कमरेनं बसलेला माणूस शनिवारी पाळी कशी करतो?" मी विचारले.

मग तो बोलू लागला आणि थांबेना. कमरेला मार बसला तेव्हा ठेकेदाराने सांगितले होते, जागा रिकामी राहिली तर दुसरा घेईन. त्या मुलीच्या नवऱ्याचे आधीचे काम तेव्हाच सुटले होते आणि तो नवे शोधत होता. याने आपला गेटपास त्याला दिला. फोटो पुसट झालेला, चेहरेपट्टी एकाच घराण्याची, आडनाव एकच. गेटवर कुणी दुसऱ्यांदा पाहिले नाही. भाऊ आत गेला की याच्या नावाचा व्हायचा, बाहेर आला की स्वतःच्या.

"काल तो आला नाही तेव्हा मला वाटलं पकडला गेला," तो रडत म्हणाला. "बनावट पास म्हणून तुम्ही आत टाकलंत. आता माझी पाळी. म्हणून निघालो होतो साहेब. वहिनीला पण त्याच्यासोबतच नेलं असेल असं वाटलं."

"पास त्याच्याकडे असतो?"

"खिशातच असतो. कायम. तो फार जपतो त्याला."

मी खुर्चीवरून उठलो. रविवारी मी हद्दीपलीकडे फोन करून एक नाव विचारले होते आणि त्यांनी त्या नावाचा कुणी नाही असे खरे उत्तर दिले होते. आज तुमच्याकडे कुणी जखमी आला का, असे मी विचारलेच नव्हते. गाडी पकडून पळालेल्या माणसासाठी कोण असे विचारतो?

पलीकडच्या ठाण्यात मी चुलतभावाचे नाव सांगितले. तिथला हवालदार लगेच म्हणाला, "हा साहेब, छे ने!" आहे की. काल दुपारी फाट्याजवळ एका टेम्पोने उडवला. रस्ता ओलांडत होता. डोक्याला मार, पाय मोडलेला, बेशुद्ध. वापीच्या दवाखान्यात आहे. खिशात पास मिळाला, त्यावरच्या ठेकेदाराच्या नंबरावर चार वेळा फोन केला, रविवार म्हणून कुणी उचलला नाही. मोबाईलचा चुरा झाला होता.

"सोबत काही सामान?" मी विचारले.

कागद उलटल्याचा आवाज आला. "एक लेडीज चंपल. एकच छे."

मी फोन खाली ठेवला. चौकीतले सगळे माझ्याकडे बघत होते.

अपघाताची जागा बागेच्या फाटकापासून चालत दहा मिनिटांवर होती, हद्दीची पाटी ओलांडली की लगेच. आमच्या हद्दीत झाला असता तर अर्ध्या तासात मला कळले असते.

बागेत पोहोचलो तेव्हा ऊन तळ्यावर पसरले होते. सोमवार असल्याने माणसे नव्हती. पाण्यावर नुसती झाडांची हिरवी सावली, आणि त्या सावलीच्या कडेला त्या दोघी, हवालदार बाई आणि मुलगी. मावशी पलीकडच्या वाफ्यात काम करत होती. मला वाटले होते काहीतरी जुळवून, हळूहळू सांगावे. ते जमले नाही. मी सरळ सांगितले, "तुमचा नवरा सापडला. त्याला गाडीनं धडक दिली. दवाखान्यात आहे. जिवंत आहे."

ती उभी राहिली. रडली नाही. "बोलतस का ते?"

"अजून नाही."

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "काल एक गाडी वरडत गेली होती." रुग्णवाहिकेचा भोंगा तिने पुलापाशी बसून ऐकला होता. "माले वाटनं, कोन बिचारा शे."

वापीच्या दवाखान्यात तो पट्ट्यांत गुंडाळलेला होता. डॉक्टरांना पायाच्या शस्त्रक्रियेसाठी नातेवाइकाची सही हवी होती. कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला आणि पेन खाली ठेवले. "हे नाव त्यांचं नाही," ती म्हणाली. पलीकडच्या हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने नवऱ्याचे नाव आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले, अक्षर अन् अक्षर, आणि कारकुनाला ते लिहायला लावले. मग सही केली.

तो तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. मी आठवड्याने जबाब घ्यायला गेलो. प्रकृती सुधारत होती, पण एक गोष्ट गेली होती. शनिवारी बायकोला बसस्टँडवर उतरवून घेतल्याचे त्याला आठवत होते. त्यापुढचे काहीच नाही. रिक्षा नाही, बाग नाही, पूल नाही. फोटो होते ते मोबाईलबरोबर गेले. सहा महिने ज्या दिवसाची गोष्ट तो बायकोला सांगत होता, तो दिवस आला आणि त्याच्या डोक्यातून पुसला गेला.

जबाबाचा उपयोग नव्हता, मी वही मिटली. तेवढ्यात ती त्याच्या उशाशी स्टुलावर बसली आणि बोलू लागली. मी दाराशी थांबलो. ती त्याला बाग सांगत होती. तुम्ही तिकिटाच्या खिडकीपाशी मला उभं केलं. मग मोठं झाड लागलं. तुम्ही म्हणालात, डोळे मिट, आणि हात धरून नेलंत. मग म्हणालात, उघड. तो मध्येच विचारायचा, "मग?" ती सांगायची. पाण्यात पूल उलटा दिसत होता. एक बदक त्याच्यावरून गेलं नि पूल मोडला, मग परत जुळला. तो डोळे मिटून ऐकत होता. त्याला आठवत होते की नुसते दिसत होते, कोण जाणे. मला मात्र दिसत होते. इतकी वर्षे मी त्या बागेत बंदोबस्त केला, पण बाग खऱ्या अर्थाने त्या दुपारी पाहिली, वापीच्या दवाखान्याच्या दारात उभे राहून.

पासचे प्रकरण मला दडवता येत नव्हते. अहवालात जे होते ते लिहिले आणि ते का घडले तेही लिहिले. ठेकेदार फिर्याद द्यायला पुढे आला नाही. त्याला आधीपासून माहीत असावे असे मला वाटते, पण ते सिद्ध करण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. वरिष्ठांनी दोघांना समज देऊन सोडले. काम दोघांचेही गेले. चुलतभाऊ गावी परतला. नवऱ्याचा पाय थोडा आखूड राहिला. वर्षभराने त्याला सिल्वासाजवळच्या रांधा गावाच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात स्टोअरमध्ये बसायचे काम मिळाले, त्याच्या स्वतःच्या नावावर. हे मला हवालदार बाईंकडून कळले. मुलगी त्यांच्याकडे सणाला यायची.

स्टेशन डायरीतली ओळ खोडता येत नाही. खोडले की तो गुन्हा. मी खाली तारीख टाकून खरी हकीगत लिहिली आणि सही केली. पण वरची ओळ अजून तिथेच आहे, माझ्या अक्षरात.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे प्रशिक्षणातली मुले विचारायची. मी त्यांना हद्दीचे सांगायचो. फोन करताना नाव विचारून थांबू नका, कपडे विचारा, वय विचारा, हातात काय होते ते विचारा. हे उपयोगाचे आहे आणि खरेही आहे. पण खरी चूक फोनच्या आधीच झाली होती. त्या मुलीने मला पहिल्या पाच मिनिटांत खरी साक्ष दिली होती. ती त्या माणसाला सहा महिने आवाजावरून ओळखत होती, आणि तो येईल असे म्हणत होती. मी तिला भोळी समजलो. मावशीने तर पुरावाच पुढे केला होता, आणि मी हसलो. माझ्या अनुभवाला जी गोष्ट आधीच ठाऊक होती ती मी त्या पोराच्या अंगावर चढवली. अनुभव कामाचा असतो, पण तो फार लवकर बोलतो. त्याला जरा थांब म्हणायला शिकायला मला निवृत्तीपर्यंतचा काळ लागला.

आता मी सकाळी कधी कधी त्या बागेत फिरायला जातो. बाकावर, पायऱ्यांवर एकटी बसलेली माणसे दिसतात. पूर्वी मी लांबूनच ठरवायचो, हा घरातून भांडून आलाय, ही कुणाला तरी भेटायला आलीय, तो काहीतरी लपवतोय. आता जवळ जातो आणि विचारतो. उत्तरे अगदी साधी असतात. कुणी बसची वाट बघत असतो, कुणाची पाळी दुपारी असते आणि खोलीवर झोप येत नाही. परवा एक जण म्हणाला, काही नाही काका, पाणी बघतोय. मी त्याच्या शेजारी बसलो आणि थोडा वेळ मीही बघितले.